मृतांचं मागणं

वसईच्या किल्ल्यात सेंट अँथनीचं चर्च आहे, फ्रान्सिस्कन साधूंचं. छप्पर कधीच गेलं, भिंती आणि कमानी उरल्या. पर्यटक वर पाहत फिरतात. मी खाली पाहत चालते, कारण तिथली जमीन थडग्यांच्या शिळांनी भरलेली आहे. पोर्तुगीज अमलातले अधिकारी, सरदार, त्यांच्या बायका. काही शिळांवर घराण्याची ढाल कोरलेली, काहींवरची अक्षरं पावसानं आणि पायांनी झिजून गेलेली. शाळेत इतिहास शिकवत होते तेव्हा मुलांना घेऊन जायची. आता निवृत्त झाल्यावर एकटी जाते आणि जमेल तेवढं वाचते.

या शिळांची भाषा ठरलेली असते. ‘ही कबर अमक्याची आणि त्याच्या वारसांची’ एवढं तर असतंच. पण जुन्या गोव्यातल्या चर्चमध्ये आणि पोर्तुगिजांच्या इतर ठाण्यांत अशा शिळा वाचत गेलं की काही ठिकाणी पुढे एक ओळ येते. मेलेला माणूस वाचणाऱ्याला विनवतो की देवाच्या प्रेमाखातर माझ्या आत्म्यासाठी एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मारिया’ म्हण. ज्यानं जन्मभर हुकूम सोडले, ज्याच्या दारात शिपाई उभे असत, तो मेल्यावर कुणाही येणाऱ्या-जाणाऱ्यापुढे हात पसरतो. ती प्रार्थना धोब्यानं म्हटली तरी त्याला चालणार असते.

आम्ही वसईचे कॅथलिक. पाप, मरण आणि तारण यांबद्दल चर्चनं शेकडो वर्षांत जे लिहिलं त्यातलं फार थोडं आमच्या खेड्यांत पुस्तकातून आलं. आलं ते या मागण्यातून. मेलेले मागतात आणि जिवंतांनी द्यायचं. माझं ठाम मत आहे की नरकाच्या भीतीनं आमच्या वाडवडिलांना जेवढं धरून ठेवलं, त्यापेक्षा या देण्यानं जास्त धरून ठेवलं.

मेलेल्याला प्रार्थना लागते कशासाठी? देवानं पापाची क्षमा केली असेल तर राहिलं काय? लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे विचारलं होतं. शिकवणाऱ्या बाई शेतकऱ्याच्या घरातल्या होत्या. त्या म्हणाल्या, आपला बैल शेजाऱ्याच्या पानवेलीत शिरला, तू जाऊन पाया पडलीस, त्यानं मनापासून माफ केलं. पण तुडवलेल्या वेली? त्या परत कोण उभ्या करणार? चर्चची शिकवण थोडक्यात हीच. मरणपाप माणसाला देवापासून तोडतं, आणि पश्चात्तापानं व पापनिवेदनानं त्याची क्षमा होते. तरी पापानं केलेली नासधूस भरून काढायची राहते. ती इथे भरली गेली नाही, तर देवाशी सलोख्यात मेलेला माणूसही थेट स्वर्गात जात नाही, आधी शुद्धिस्थानात जातो. तिथून पुढचा रस्ता स्वर्गाचाच असतो, मात्र त्याला स्वतःला आता काही करता येत नाही. करायचं ते आपण.

ही समजूत फार जुनी आहे. संत ऑगस्टीननं आपल्या आईचं, मोनिकाचं मरण लिहून ठेवलं आहे. इ.स. ३८७मध्ये रोमजवळच्या ओस्तिया बंदरात ती आजारी पडली. आफ्रिकेतल्या आपल्या गावी नवऱ्याशेजारी पुरलं जावं अशी तिची जन्माची इच्छा होती, पण शेवटी ती मुलांना म्हणाली की देह कुठेही ठेवा, त्याची काळजी नको, फक्त जिथे असाल तिथे प्रभूच्या वेदीपाशी माझी आठवण करा. किल्ल्यातल्या शिळा पाहताना मला मोनिका आठवते. त्या सरदारांनी वेदीच्या जवळची जागा पैसे मोजून घेतली, वारसांचा हक्क दगडात कोरून ठेवला. आज ती वेदी नाही आणि वारसही नाहीत.

पुढे या आठवणीला नेमका दिवस मिळाला. फ्रान्समधल्या क्लुनी मठाचा प्रमुख ओदिलो यानं साधारण ९९८च्या सुमारास आपल्या मठांना सांगितलं की सर्व संतांच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, २ नोव्हेंबरला, सर्व मृतांसाठी प्रार्थना करा. हा आमचा ‘ऑल सोल्स डे’. शुद्धिस्थानाची शिकवण १२७४मध्ये लिओंच्या आणि १४३९मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मपरिषदेत पक्की झाली. आणि मग पैसा शिरला. रोममधलं सेंट पीटरचं नवं चर्च बांधायचं होतं, त्यासाठी जर्मनीत दंडमाफीची, म्हणजे पापाची राहिलेली भरपाई माफ करणारी, पत्रं विकली जाऊ लागली. मेलेल्या आईबापांच्या नावानं नाणं टाकायचं आणि त्यांना सोडवायचं. ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी मार्टिन लूथरनं पंचाण्णव कलमांतून त्यावर बोट ठेवलं. मी कॅथलिक आहे आणि लूथरचा राग मला पूर्ण समजतो. गरीब विधवेच्या आईवरच्या मायेचा तो बाजार होता.

वसईचा तह डिसेंबर १५३४चा. गुजरातच्या बहादूरशहानं वसई पोर्तुगिजांना दिली तेव्हा युरोपात हा वाद ऐन भरात होता. १५४२मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटी घेऊन रस्त्यानं पोरांना आणि नोकरचाकरांना धर्मशिक्षणाला बोलवायचा. तो वसईतही येऊन गेला. त्याच सुमारास फ्रे अंतोनियो द पोर्तो इथे फ्रान्सिस्कनांचं काम उभं करत होता. ट्रेंटची धर्मपरिषद १५४५ला सुरू झाली आणि डिसेंबर १५६३मध्ये तिनं शुद्धिस्थानावर शेवटचा शब्द दिला. शुद्धिस्थान आहे, जिवंतांच्या प्रार्थनेनं आणि विशेषतः मिस्सेनं, म्हणजे वेदीवरच्या अर्पणविधीनं, तिथल्या आत्म्यांना मदत होते. पण साध्या लोकांपुढे त्यावर किचकट चर्चा करू नका, आणि ज्यात पैसा कमावण्याचा वास येतो ते बंद करा. आमच्या पूर्वजांपर्यंत जे आलं ते असं नुकतंच भांडणातून निघालेलं, जरा सावध झालेलं. ते सगळं प्रेमानं आलं असं मी म्हणणार नाही. गोव्याचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्मन्यायालय, १५६०पासून १८१२पर्यंत, मधली काही वर्षं सोडली तर, चालू होतं. ज्या चर्चनं मेलेल्यांसाठी दया मागायला शिकवलं, त्याच चर्चनं जिवंतांना तुरुंगात टाकलं. हे दोन्ही एकाच इतिहासात आहे, आणि तो शिकवताना मी दोन्ही शिकवलं.

पोर्तुगिजांनी आणलेल्या संस्थांमध्ये मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती मिझेरिकोर्दिया. लिस्बनमध्ये १४९८ साली राणी लिओनोर हिच्या पुढाकारानं हा दयाधर्माचा बंधुसंघ निघाला, आणि जिथे जिथे पोर्तुगीज वस्ती झाली तिथे तिथे, गोव्यात आणि आमच्या वसईतही, त्याची शाखा उभी राहिली. दयेची चौदा कामं हा त्यांचा नेम. सात देहाची, सात आत्म्याची. भुकेल्याला अन्न, तहानेल्याला पाणी, कैद्याची सोडवणूक, आणि देहाच्या कामांत शेवटचं, मेलेल्याला मूठमाती. आत्म्याच्या कामांत शेवटचं, जिवंतांसाठी आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना. लिस्बनमधली त्यांची एक प्रथा वाचली तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. फाशी दिलेल्यांची प्रेतं तेव्हा लटकत ठेवत. राजानं मिझेरिकोर्दियाला परवानगी दिली की वर्षातून एकदा, सर्व संतांच्या दिवशी, त्यांनी मिरवणुकीनं जाऊन ती हाडं उतरवावीत आणि ख्रिस्ती रीतीनं पुरावीत. उमरावांनी चोराची हाडं खांद्यावर वाहायची. चोराचं पाप समाजानं विसरलं नव्हतं, पण तोही तारणाच्या वाटेवर असू शकतो एवढं मान्य केलं होतं. क्रुसावर येशूच्या शेजारी टांगलेल्या चोराला स्वर्गाचं वचन मिळालं होतं, त्याची आठवण यामागे आहे.

याच संस्थेच्या वह्यांत पैशाचीही बाजू दिसते. इकडे मेलेल्या पोर्तुगिजांची मालमत्ता मिझेरिकोर्दियानं सांभाळायची, हुंडीनं लिस्बनला वारसांकडे धाडायची. मृत्युपत्रात माणूस सांगून ठेवी की इतक्या मिस्सा म्हणा, इतक्या अनाथ मुलींच्या लग्नाला हुंडा द्या. ज्याच्याकडे होतं त्यानं आपल्या आत्म्याची तजवीज केली. ज्याच्याकडे काहीच नव्हतं त्याचं काय?

त्याचं उत्तर गरिबांनी स्वतः काढलं. मृतांच्या आत्म्यांसाठी ठिकठिकाणी बंधुसंघ निघाले. वर्षाला थोडी वर्गणी, आणि कुणी मेलं की सगळ्यांनी मेणबत्ती घेऊन मयतीला जायचं, संघानं मिस्सा सांगायची. माझ्या लहानपणी आमच्या गावात याचं साधं रूप होतं. मयत फंड म्हणत. वही माझ्या बाबांकडे असायची, लाल कापडाच्या पाठीची. मेलेल्या माणसाची वर्गणी थकलेली असली तरी बाबा मिस्सा सांगायचेच. तेवढी रक्कम स्वतःच्या भाजीच्या पैशातून घालायचे आणि वहीत त्या माणसाच्या नावापुढे ‘जमा’ लिहायचे. आई यावरून त्यांच्याशी भांडल्याचं मला आठवतं. घरात आम्ही पाच भावंडं होतो आणि पैसा कधीच पुरत नव्हता.

गोव्यातल्या बंधुसंघांच्या इतिहासात मात्र एक गोष्ट आहे जी सांगताना लाज वाटते. तिथे संघ जातीजातींचे झाले. सणात आणि मयतीत कुणी कोणत्या रंगाचा झगा घालायचा, पालखीला कुणी खांदा द्यायचा, हे जात ठरवू लागली, आणि ही भांडणं विसाव्या शतकापर्यंत चालली. सगळे आदामाच्या पापात जन्मले आणि सगळ्यांसाठी एकच तारणारा मेला, असं रविवारी म्हणायचं, आणि मेलेल्याच्या मागून चालताना रंग मोजायचे. ख्रिस्ताच्या शिकवणीचा याहून मोठा अवमान मला सुचत नाही. आमच्या वसईतही समाज वेगळे राहिले, लग्नं आपापल्यातच झाली.

१७३६मध्ये पोप बारावे क्लेमेंट यांनी एक सवलत दिली. संध्याकाळची प्रार्थना झाल्यावर काही वेळानं मृतांसाठी घंटा वाजते, ती ऐकून जो १३०वं स्तोत्र म्हणेल त्याला कृपालाभ, म्हणजे दंडमाफी. ते स्तोत्र खोल दुःखातून देवाला हाक मारणाऱ्या माणसाचं आहे. गोव्यात रात्री आठच्या सुमारास होणारी आत्म्यांची घंटा त्याच प्रथेतली. घंटा झाली की बोलणं थांबवायचं आणि आपल्या मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायची.

त्यानंतर तीनच वर्षांनी, मे १७३९मध्ये, चिमाजी अप्पांनी वसई घेतली. वसईच्या चर्चच्या घंटा मराठ्यांनी विजयाची खूण म्हणून नेल्या आणि देवळांना वाहिल्या. भीमाशंकरला एक आहे. नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातल्या घंटेवर १७२१ साल आहे. वाईजवळ मेणवलीला, नाना फडणविसांच्या गावात, कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मारिया आहे. मेणवलीची मी पाहिली. लोक येत होते, हात जोडत होते. मला त्यात चोरीमारी दिसली नाही. दोनशे वर्षांच्या पोर्तुगीज जाचानंतर जिंकलेल्या सैन्यानं काय न्यायचं हे मी ठरवणार नाही. पण आमची बाजूही कुणीतरी सांगायला हवी. ज्या गावातली घंटा गेली तिथे मरणाची वर्दी द्यायला आणि रात्री मेलेल्यांची आठवण करून द्यायला काही उरलं नाही.

परदेशी साधू गेले. पोर्तुगीज घराणी गेली. उरले ते शेतकरी, मच्छीमार, बागायतदार, आणि त्यांच्यासाठी गोव्याहून येणारे थोडेसे देशी पाद्री. अशा काळात धर्म टिकतो तो घरात. दिवेलागणीला रोजरीची जपमाळ, तिच्या शेवटी घरातल्या मेलेल्यांची नावं, एकेकासाठी एक ‘आमच्या बापा’. आमच्याकडे आजी ती नावं म्हणायची. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण सात पिढ्यांची नावं क्रमानं पाठ होती. मी नंतर चर्चच्या नोंदवह्या पाहिल्या, तेव्हा मागच्या चार पिढ्यांपर्यंत तिचा क्रम बरोबर निघाला.

त्या नावांत एक जागा ती मोकळी सोडायची. तिचं पहिलं बाळ जन्मल्यावर लगेच गेलं, बाप्तिस्मा व्हायच्या आत. जुन्या शिकवणीत बाप्तिस्म्याशिवाय मूळ पाप धुतलं जात नाही, म्हणून अशी बाळं स्वर्गात जात नाहीत आणि नरकातही नाहीत, लिंबो नावाच्या एका मधल्या जागी राहतात, असं धर्मपंडित सांगत. म्हणूनच सुईणींना बाप्तिस्म्याचे शब्द पाठ करवलेले असत. बाळ जाण्याची भीती वाटली तर डोक्यावर तीनदा पाणी कुणीही घालावं, चालतं. आजीच्या वेळी सुईण पोचलीच उशिरा. त्या काळच्या नियमानं बाळाला पवित्र केलेल्या जमिनीत जागा मिळाली नाही, कुंपणाबाहेर पुरलं. त्याच्यासाठी कुणी मिस्सा सांगितली नाही, आणि आजी जन्मभर ते नाव न घेता त्या जागी थांबत राहिली. चर्चच्या सगळ्या शिकवणीत मला सर्वांत जास्त बोचलेली गोष्ट हीच. ज्यानं काहीच केलं नाही त्याच्यासाठी मागायलाही बंदी.

चर्चच्या १९८३च्या धर्मनियम-संहितेनं अशा बाळांचा दफनविधी करायला मोकळीक दिली, आईबापांची बाप्तिस्म्याची इच्छा असेल तर. आणि २००७मध्ये व्हॅटिकनच्या आंतरराष्ट्रीय ईशज्ञान मंडळानं सविस्तर लिहिलं की लिंबो ही कधी श्रद्धेचं बंधन असलेली शिकवण नव्हतीच, आणि बाप्तिस्म्याविना गेलेली बाळं देवाच्या दयेनं तारली जातात अशी आशा धरायला भक्कम कारणं आहेत. आजी तोपर्यंत नव्हती. मी आमच्या फादरांकडे गेले आणि तिच्या त्या बाळाच्या आठवणीसाठी मिस्सा सांगितली. फॉर्मवर नाव लिहायची जागा होती; मी लिहिलं, ‘आजीचं पहिलं’. फादरांनी कसलीही शंका न काढता वेदीवरून तसंच वाचलं.

बदल इतरही झाले. आजीच्या काळात मरणाची मिस्सा लॅटिनमध्ये, काळ्या वस्त्रात, आणि अंतिम न्यायाच्या दिवसाचं ते भयंकर गाणं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा मराठीत आली, ते गाणं दफनाच्या विधीतून गेलं, वस्त्र पांढरं किंवा जांभळं झालं. पूर्वी फादर तेल घेऊन दारात आले की आजारी माणसाचं अर्धं अवसान जाई, कारण ते शेवटचं लेपन समजलं जाई. १९७२च्या नव्या विधीनं त्याला आजाऱ्याचा संस्कार केलं, बरं होण्यासाठीही मागता येतो. मला हे सगळं हवंच होतं. पण भीती काढताना पापाबद्दलचं गांभीर्यही थोडं गेलं, असं मला वाटतं. आता दफनाच्या प्रवचनात मेलेला माणूस नेहमी आधीच स्वर्गात पोचलेला असतो. मग त्याच्यासाठी कुणी कशाला काय मागायचं? बाबा असते तर त्यांनी असं प्रवचन ऐकून तरीही वही उघडली असती.

आमच्याच मराठी ख्रिस्ती भावंडांत नगरकडचे प्रोटेस्टंट मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत. ज्या मक्काबी ग्रंथात यहूदा आपल्या मेलेल्या सैनिकांच्या पापासाठी यरुशलेमेला पैसे पाठवून अर्पण करवतो, तो त्यांच्या बायबलात नाही. विश्वासानं माणूस तारला गेला, मरणाबरोबर निकाल लागला, असं ते मानतात. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत गेले तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे दहन झालं आणि रक्षा नगरला नेली. तेव्हा कॅथलिकाला हे शक्य नव्हतं. रोमनं १८८६मध्ये दहनावर बंदी घातली होती, ती १९६३मध्ये उठली. २०१६मध्ये रोमनं सूचना काढली की रक्षा पवित्र जागीच ठेवायची, विखुरायची नाही, घरी ठेवायची नाही, कारण देह पुन्हा उठणार आहे ही आमची श्रद्धा.

देह उठेल, पण त्याला तोवर ठेवायचं कुठे हा आज आमच्या गावातला खरा प्रश्न आहे. बागा जाऊन इमारती आल्या, माणसं वाढली, दफनभूमी तेवढीच. आता कबर काही वर्षांनी पुन्हा उघडतात, हाडं काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात आणि त्याच जागी दुसऱ्याला पुरतात. कायमची कबर घेतलेली थोडी घरं आहेत, त्यांना ती सोडायची नाही. अलीकडेच आमच्या चर्चच्या बैठकीत यावर मोठा वाद झाला. एका तरुणानं विचारलं की पैसे भरून घेतलेली जागा का द्यायची. मी उठून बोलले. मी म्हटलं, किल्ल्यात जाऊन बघ, तिथेही सगळ्यांनी पैसे भरले होते आणि वारसांची नावं कोरली होती. आमच्या घराची जुनी कबर मी दफनभूमीच्या समितीला लिहून दिली. बाबा-आईची हाडं कोनाड्यात हलवली. माझ्यासाठी सातव्या दिवसाची आणि महिन्याची मिस्सा पुरे, हे मुलांना सांगून ठेवलं आहे. संगमरवराला जे पैसे लागले असते ते मयत फंडात घालायचे, थकलेल्या वर्गणीच्या खात्यावर. धाकट्यानं विचारलं, फंड तर आता चालूच नाही ना. मग चालू कर, मी म्हटलं, वही माझ्या कपाटात आहे.